आधी विचार

एका रिक्वेस्टला उत्तर आलं नाही, त्या साठ सेकंदांबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं.

काम रोजचंच होतं. क्लाउडवरची एक डेटा पाइपलाइन आदल्या दिवसाच्या विक्रीच्या नोंदी उचलायची, त्या साफसूफ करायची आणि एका मोठ्या टेबलात नेऊन ओतायची. त्या दिवशी तिचं शेड्यूल हुकलं होतं, म्हणून ती हाताने सुरू करायची होती. हाताने म्हणजे एपीआयमधून, प्रोग्रॅमला सेवेशी बोलता यावं म्हणून ठेवलेल्या दारातून. एक पत्ता, एक टोकन (ओळख पटवणारी किल्ली), जेसन या साच्यात लिहिलेला पाच-सहा ओळींचा मजकूर आणि 'पोस्ट'. मी एंटर दाबलं. एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं. त्या दिवशी कर्सर नुसता लुकलुकत राहिला आणि साठ सेकंदांनी टर्मिनलवर एकच शब्द उमटला: टाइमआउट. वाट पाहण्याची मुदत संपली.

मी तीच कमांड पुन्हा पाठवली. लगेच उत्तर आलं, रनचा, म्हणजे त्या वेळच्या चालण्याचा, आयडी मिळाला, आणि मी निर्धास्त मनाने दुसऱ्या कामाला लागले.

दोन दिवसांनी नियोजन विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा फोन आला. आवाज शांत होता. "मॅडम, मंगळवारची विक्री एकदम दुप्पट दिसतेय. आम्ही त्यावरूनच पुढच्या आठवड्याचा माल ठरवतो. एवढंच सांगा, हा आकडा खरा धरू का?"

आकडा खोटा होता. माझी पहिली रिक्वेस्ट पोचली होती, पाइपलाइन सुरूही झाली होती. वाटेत हरवलं होतं ते फक्त उत्तर. दुसऱ्या रिक्वेस्टने तीच पाइपलाइन पुन्हा सुरू केली आणि मंगळवारची प्रत्येक नोंद टेबलात दोनदा जाऊन बसली. दोन्ही रन यशस्वी. कुठेही लाल रंग नाही, एकही अलर्ट नाही.

त्या संध्याकाळी आमच्या टीममधल्या सगळ्यात अनुभवी सहकारी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. लॉग (यंत्राने काय केलं त्याच्या नोंदी) वाचले, दोन रनमधलं एका मिनिटाचं अंतर पाहिलं आणि म्हणाल्या, "टाइमआउट आला की परत मारायची नाही गं. आधी विचार."

मला वाटलं, आधी डोकं चालव असं म्हणतायत. मी मुकाट्याने हो म्हटलं.

"तसं नव्हे. त्याला विचार. सर्व्हरला. माझं काम तुझ्याकडे पोचलंय का, हे विचार. गप्प बसलाय म्हणजे नाही म्हणाला असं नसतं."

मराठीत हा एकच शब्द मनात चालतो त्यालाही लागतो आणि दुसऱ्याकडे केलेल्या चौकशीलाही. मला त्या दोन अर्थांमधलं अंतर त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं, आणि गेली कित्येक वर्षं माझं काम त्या अंतरातच चाललं आहे असं मला वाटतं.

पाइपलाइन या शब्दाने सुरुवातीला माझी बरीच दिशाभूल केली होती. पाइप म्हटलं की या टोकाला सोडलेलं त्या टोकाला निघणार, असं मनात पक्कं बसलेलं असतं. संगणकात ही कल्पना आली तीही पाण्यावरूनच. १९६४ साली बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी एका टिपणात लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत; गरज पडली की आणखी एक तुकडा फिरवून बसवता आला पाहिजे. १९७३ मध्ये केन थॉम्सन यांनी ते युनिक्स या कार्यप्रणालीत प्रत्यक्षात आणलं. त्या पाइपमध्ये खरोखरच एक जोडणी आहे. एक प्रोग्रॅम लिहितो, दुसरा वाचतो. वाचणारा मागे पडला की कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, लिहिणाऱ्याला थोपवून धरतं. वाचणारा मेला तर लिहिणाऱ्याला सिग्नल मिळतो, लिहिणारा संपला तर वाचणाऱ्याला मजकूर संपल्याचं कळतं. दोघं एकाच छपराखाली राहतात, आणि एकमेकांची हालहवाल त्यांना कुणी न सांगता कळते.

क्लाउडमधल्या पाइपलाइनमध्ये अशी नळी कुठेच नाही. तिथे असतो एक मजकूर. इथून घे, असं कर, तिथे ठेव. हे झाल्याशिवाय ते सुरू करू नकोस. दोनदा फसलं तर मला कळव. हा मजकूर कुठल्यातरी सेवेकडे ठेवलेला असतो. ती सेवा योग्य वेळी कुठूनतरी यंत्रं उभी करते, काम करून घेते आणि यंत्रं मोडून टाकते. मी त्यातलं एकही यंत्र कधी पाहिलेलं नाही. माझ्या हातात असतो एक पत्ता आणि त्यावर काही विचारायची, काही सांगायची परवानगी. माझ्या आणि कामाच्या मध्ये निरोपांशिवाय काही नाही, हे एकदा मनाशी मान्य केलं की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर येतात.

आधीची दोन वर्षं मी हेच सगळं ब्राउझरमधल्या कन्सोलवर माउसने करत असे. चौकोन ओढायचे, बाण जोडायचे, 'रन' दाबायचं. ते सोपं होतं आणि सुंदरही दिसायचं. पण सहा महिन्यांनी कुणी विचारलं, ही पायरी इथे का घातली, तर माझ्याकडे उत्तर नसायचं. माझ्या क्लिकांची कारणं कुठेच साठलेली नव्हती. एपीआयकडे वळल्यावर पाइपलाइनची व्याख्या एक फाइल झाली. फाइल गिटमध्ये, म्हणजे फायलींमधले बदल जपणाऱ्या साधनात, ठेवता येते, काल आणि आज यांत काय बदललं ते ओळीगणिक दाखवता येतं, बदल करण्याआधी सहकाऱ्याला वाचायला देता येतो. माझ्या दृष्टीने एपीआयचा खरा फायदा हा होता. वेग वगैरे नंतरचं.

ज्या एपीआयने मला विचार करायला लावलं तो आता निवृत्तीच्या वाटेवर आहे. ॲमेझॉनने २०१२ च्या अखेरीस डेटा पाइपलाइन नावाचीच सेवा आणली; २५ जुलै २०२४ पासून ती नव्या ग्राहकांना मिळत नाही. पण तिचं दस्तावेजीकरण मी अजूनही अधूनमधून वाचते, कारण त्या एपीआयचे दोन भाग होते आणि बहुतेक लोकांना त्यातला एकच माहीत असे. पहिला भाग मालकासाठी: पाइपलाइन तयार कर, तिची व्याख्या दे, व्याख्या तपासून घे, ती कार्यान्वित कर. दुसरा भाग राबणाऱ्यासाठी. प्रत्यक्ष काम करणारा जो प्रोग्रॅम, ज्याला तिथे टास्क रनर म्हणत, त्याच्यासाठी.

हा दुसरा भाग वाचताना मला पहिल्यांदा पूर्ण व्यवहार दोन्ही बाजूंनी दिसला. सेवा रनरकडे काम ढकलत नसे. रनरच विचारायचा, काही काम आहे का? काम नसलं तर सेवा लगेच नाही म्हणायची नाही; जास्तीत जास्त ९० सेकंद ती जोडणी तशीच धरून ठेवायची, तेवढ्यात काही आलं तर देता यावं म्हणून. काम मिळालं की ते हाती घेतल्याची पोच रनरने २ मिनिटांच्या आत द्यायची. पोच आली नाही तर सेवा ते काम पुढच्या विचारणाऱ्याला देऊन टाकायची. त्यानंतरही ठरावीक अंतराने, मी अजून करतोय, असं सांगत राहायचं. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की प्रगती सांगायला गेलेल्या रनरला उत्तरात एक हो-नाही मिळायचं: हे काम मधल्या काळात रद्द झालंय का? सेवेला रनरपर्यंत स्वतःहून पोचता येत नसे. म्हणून रद्द झाल्याची बातमी त्याच्या पुढच्या निरोपाची वाट पाहत थांबलेली असायची.

तिथल्या स्थितींची नावंही बोलकी होती. 'वेटिंग फॉर रनर' म्हणजे काम तयार आहे, करणारा यायचा आहे. 'कॅस्केड फेल्ड' म्हणजे याचं स्वतःचं काही चुकलेलं नाही, ज्याच्यावर हे अवलंबून होतं तो कोसळला आणि हेही त्याच्यासोबत गेलं. नुसतं 'फेल' म्हणून मोकळं होण्यापेक्षा कुणाचं चुकलं आणि कुणाला झळ लागली हे वेगळं सांगणारा तो शब्द मला फार प्रामाणिक वाटला. रात्री उठून बारा लाल ठिपके पाहणाऱ्या माणसाला, यातला एकच खरा आणि अकरा ओढले गेलेले, हे कळणं ही केवढी मोठी सोय असते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

आता पुन्हा त्या साठ सेकंदांकडे.

वेबवरची बहुतेक संभाषणं एचटीटीपी या संवादाच्या नियमावलीतल्या मोजक्या क्रियापदांत चालतात. गेट म्हणजे दाखव. पुट म्हणजे हे असं असू दे. डिलीट म्हणजे हे नको. पोस्ट म्हणजे हे घे आणि याचं काय करायचं ते कर. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या पीएचडीच्या प्रबंधात रेस्ट ही रचनाशैली मांडली तेव्हापासून या क्रियापदांवर आधारलेले एपीआय सर्वत्र झाले. एचटीटीपीचं २०२२ चं प्रमाण, आरएफसी ९११०, यांच्यातला फरक नेमका सांगतं. गेट सुरक्षित आहे, कितीही वेळा विचारा, काही बिघडत नाही. पुट आणि डिलीट यांचा गुण वेगळा: एकदा सांगा की पाचदा, शेवटी होणारा परिणाम एकच. इंग्रजीत याला आयडेम्पोटंट म्हणतात. मराठीत मी 'पुनरुक्तीने न बदलणारं' असं म्हणून पाहिलं, पण टीममध्ये कुणी ते उचललं नाही. सगळे आयडेम्पोटंटच म्हणतात. पोस्टला मात्र असं कुठलंही अभय नाही. आणि 'ही पाइपलाइन आत्ता चालव' ही विनंती बहुतेक सेवांमध्ये पोस्टनेच जाते.

म्हणजे जी विनंती पुन्हा करणं सगळ्यात धोक्याचं, नेमक्या तिच्याच बाबतीत, पोचली की नाही, हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो.

हा प्रश्न जाळं, म्हणजे नेटवर्क, सुधारून सुटणारा नाही. १९७० च्या दशकातच संगणकशास्त्रज्ञांनी तो मांडला होता आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचं नाव दिलं. दोन टेकड्यांवर दोन सैन्यं, मध्ये शत्रूची दरी. एकाच वेळी हल्ला केला तरच जय. निरोप्या दरीतून जाणार, आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिल्या सेनापतीने 'पहाटे' असा निरोप धाडला; पोच आल्याशिवाय तो हलणार नाही. दुसऱ्याने पोच धाडली. ती पोचली का हे कळल्याशिवाय तोही हलणार नाही. मग पोचेची पोच, तिचीही पोच. कितीही निरोपे पाठवले तरी शेवटचा निरोप पाठवणाऱ्याच्या मनात शंका उरतेच. निरोप हरवू शकतात अशा वाटेवरून दोघांची पक्की खात्री कधीच होऊ शकत नाही, आणि हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. मी जेव्हा हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला विलक्षण हलकं वाटलं. त्या मंगळवारी उत्तर हरवणं माझ्या हातात नव्हतं. उत्तर हरवल्यावर मी काय केलं, एवढंच माझ्या हातात होतं.

मग करायचं काय? कामाला आपण नाव द्यायचं.

ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते, पण माझ्या मते या सगळ्या विद्येचं मर्म तिथे आहे. काही सेवा अशा असतात की रन सुरू केल्यावर त्याचा आयडी त्यांच्याकडून मिळतो. तो आयडी उत्तरातच असतो, त्यामुळे उत्तर हरवलं की आयडीही हरवतो. मग मला विचारता येत नाही, कारण कशाबद्दल विचारायचं त्याचं नावच माझ्याकडे नसतं. गेल्या दहा मिनिटांत सुरू झालेले सगळे रन मागवायचे आणि त्यांच्या पॅरामीटरवरून आपलं कुठलं ते ओळखायचं, एवढाच मार्ग राहतो. तो मार्ग चालतो, पण त्यात चाचपडणं आहे.

याउलट नाव आपण दिलेलं असेल तर चित्र पालटतं. पाइपलाइन आखून चालवणाऱ्या एअरफ्लोचंच घ्या. २०१४ मध्ये एअरबीएनबीत माक्सिम बोशमाँ यांनी सुरू केलेला आणि पुढे अपाचे फाउंडेशनकडे गेलेला हा प्रकल्प. डिसेंबर २०२० च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत स्थिर रेस्ट एपीआय आला. तिथे रन सुरू करताना त्याचा आयडी तुम्ही स्वतः देऊ शकता. त्याच नावाने पुन्हा मागणी केली की उत्तरात ४०९ हा कोड येतो, म्हणजे संघर्ष, या नावाचा रन आधीच आहे. हा ४०९ दिसला की नवखा माणूस दचकतो. मला तो आकडा आता जिव्हाळ्याचा वाटतो. तो सांगतो, बाई, तुझा पहिला निरोप पोचला होता. ॲमेझॉनच्या त्या जुन्या सेवेतही पाइपलाइन तयार करताना एक खूण तुमच्याकडून द्यावी लागे. तेच नाव आणि तीच खूण घेऊन पुन्हा गेलात तर नवी पाइपलाइन होत नसे, आधीचीच ओळख परत मिळे. दोन्हीकडे तत्त्व तेच.

नाव कसं द्यायचं, यावर आमच्याकडे बराच खल झाला. कुणी म्हणालं, यादृच्छिक आकडा वापरू. पण प्रोग्रॅमच मेला आणि पुन्हा उठला तर तो नवा आकडा काढेल आणि जुन्याला विसरेल. शेवटी ठरलं की नावात पाइपलाइन आणि ज्या दिवसाचा डेटा तो दिवस, एवढंच. ज्या दिवशी चालवलं तो दिवस नव्हे. हा फरक मला समजायला खूप वेळ लागला. मंगळवारचा डेटा बुधवारी पहाटे आणला, शुक्रवारी दुरुस्त करून पुन्हा आणला किंवा पुढच्या महिन्यात बॅकफिल केला, म्हणजे मागचा राहिलेला भरून काढला, तरी काम एकच आहे: मंगळवार. एकदा कामाची ओळख अशी ठरली की कुठल्याही यंत्रावरून, कुठल्याही वेळी, कुणीही तेच नाव पुन्हा उभं करू शकतं. त्यासाठी काही लक्षात ठेवायची गरज उरत नाही.

याच्याच जोडीला आतलं कामही बदललं. आधी पाइपलाइन टेबलाच्या शेवटी नोंदी जोडत असे. आता ती आधी त्या दिवसाचा कप्पा रिकामा करते आणि मग पूर्ण भरते, दोन्ही एकाच व्यवहारात, म्हणजे मधल्या क्षणी कुणी वाचायला आलं तर त्याला रिकामं टेबल दिसू नये. एकदा चालवा, चारदा चालवा, मंगळवार एकच राहतो. दारावरचा पहारा चुकला तरी घराच्या आत काही दुप्पट होत नाही. बदल लहान होता, पण त्यानंतर रात्री फोन वाजला की छातीत धस्स होणं थांबलं.

विचारायचं ठरलं, तरी किती वेळा विचारायचं हा प्रश्न उरतो. मोठी कामं सुरू करताना बऱ्याच सेवा २०२ हा कोड देतात. त्याचा अर्थ, ऐकलंय, करायला घेतो. २०० पेक्षा २०१ आणि २०१ पेक्षा २०२ मोठा म्हणून तो जास्त यशस्वी, अशा समजुतीत मी एका नव्या सहकाऱ्याला पाहिलंय, आणि त्याच्या स्क्रिप्टने २०२ मिळताच 'काम पूर्ण' असा मेल सगळ्यांना धाडला होता. २०२ ही पोच आहे. कामाची पावती नंतर, वेगळी मागावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर डेटा फॅक्टरीत रनची स्थिती विचारली की 'क्यूड', 'इन प्रोग्रेस', 'सक्सीडेड', 'फेल्ड' अशी उत्तरं येत जातात. ही विचारणा दर सेकंदाला केली तर उत्तर लवकर येत नाही. फक्त दार वाजवल्याचा आवाज वाढतो, आणि मग ४२९ येतो: फार विचारताय. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या या कोडसोबत बऱ्याचदा एक हेडर, म्हणजे उत्तरासोबतची छोटी टीप, असतं: इतक्या सेकंदांनी या. मी अनेक स्क्रिप्ट पाहिल्या आहेत ज्या ते हेडर वाचतच नाहीत. समोरचा सभ्यपणे वेळ सांगत असताना ती न ऐकणं मला खरोखर खटकतं.

वाट किती पाहायची याचं उत्तर मला सापडलं ते क्लाउडच्या कितीतरी आधीच्या एका जाळ्यात. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं एकाच रेडिओ वाहिनीवरून मुख्य संगणकाशी बोलत. दोघं एकदम बोलले की दोघांचेही निरोप एकमेकांत मिसळून नासायचे, आणि आपला निरोप नासला हे कळायला एकच खूण होती: पोच न येणं. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबून पुन्हा बोलायचं. पण दोघंही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेली. म्हणून थांबायचा वेळ प्रत्येकाने यदृच्छेने निवडायचा. पुढे रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत इथरनेट घडवताना यात भर घातली: टक्कर होत राहिली तर थांबण्याची मर्यादा दर वेळी दुप्पट करत जायची.

आज बहुतेक क्लाउड एपीआयच्या लायब्ररींत (तयार कोडच्या संचांत) हेच दोन घटक असतात. एक सेकंद, मग दोन, चार, आठ, आणि त्यात थोडी यदृच्छा. आमच्या जवळजवळ सगळ्या पाइपलाइन ठीक मध्यरात्री सुरू व्हायच्या, कारण शून्य वाजून शून्य मिनिटं ही वेळ प्रत्येकाला नैसर्गिक वाटते. एकदा त्या वेळी सेवा अडखळली तेव्हा सगळ्या एकदम फसल्या, सगळ्या नेमक्या तीस सेकंदांनी परतल्या आणि पुन्हा एकदम फसल्या. प्रत्येकीला थोडा वेगळा वेळ थांबायला सांगितल्यावर तो प्रकार संपला. बेटांवरच्या त्या टर्मिनलांची आठवण मला तेव्हा झाली. पन्नास वर्षांपूर्वी रेडिओवर जे कळलं होतं तेच आम्हाला पुन्हा कळत होतं.

टोकनबद्दल फार लिहीत नाही. ते मुदतीचं असतं, लांबलेल्या कामाच्या मध्यावर संपतं आणि ४०१ येतो, म्हणजे ओळख पटत नाही; संपायच्या आधीच नवं घ्यावं. ज्याला फक्त विचारायचंय त्याला पुसायचा अधिकार देऊ नये. व्याख्या बदलताना सेवा ईटॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण, देत असेल तर तो जपून ठेवावा आणि बदल पाठवताना 'मी पाहिलं तेच अजून असेल तरच बदल' अशी अट घालावी. एकदा मी आणि एका सहकाऱ्याने एकाच दुपारी एकच पाइपलाइन बदलली, त्याचा बदल माझ्याखाली गाडला गेला आणि दोघांनाही दोन आठवडे पत्ता नव्हता. अट असती तर मला ४१२, म्हणजे अट पुरी झाली नाही, असा कोड मिळाला असता आणि मी उठून त्याच्या टेबलापाशी गेले असते.

पण एक गोष्ट अशी आहे की ती कुठलाही कोड सांगत नाही, आणि तिचं मला आजही सगळ्यात जास्त भय वाटतं. एका पाइपलाइनला रोज एका बाहेरच्या संस्थेकडून फाइल यायची. एका सोमवारपासून फाइलमध्ये नुसती शीर्षकाची ओळ येऊ लागली. पाइपलाइनने ती इमानाने उचलली, शून्य नोंदी साफ केल्या, शून्य नोंदी टेबलात घातल्या आणि यशस्वी झाल्याचं कळवलं. नऊ दिवस. प्रत्येक टप्प्याने आपलं काम चोख केलं होतं. एपीआयला विचारलं तर त्याचं उत्तरही खरंच होतं, काम झालं का, हो झालं. आम्ही विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पाइपलाइनच्या शेवटी एक छोटी पायरी असते. किती नोंदी आत आल्या, किती बाहेर गेल्या, गेल्या चार आठवड्यांत याच वारी किती असत. फरक फार असला तर रन यशस्वी असूनही तो अडवून माणसाला बोलावलं जातं. कधीकधी ती पायरी उगाच बोलावते. सुट्टीच्या दिवशी विक्री खरंच कमी असते आणि कुणीतरी उठून, ठीक आहे, असं म्हणून परत झोपतं. टीममध्ये यावरून नाराजी झाली, ती पायरी ढिली करा असंही सुचवलं गेलं. मी ती ढिली होऊ दिली नाही. नियोजनात बसलेल्या माणसाला 'सक्सीडेड' हा शब्द कधीच दिसत नाही. त्याला आकडा दिसतो, आणि त्या आकड्यावर तो कुणाला तरी शब्द देतो.

सेवेकडचा रनचा इतिहासही कायमचा नसतो. डेटा फॅक्टरी तो ४५ दिवस ठेवते. जास्त हवा असेल तर आपण आपल्याकडे साठवायचा. म्हणून आम्ही प्रत्येक विचारणा आणि तिचं उत्तर आमच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. साध्या भाषेत लिहायचं असं ठरवलंय, कारण ते वाचणारा माणूस बहुधा अर्धवट झोपेत असतो.

परवा सकाळी मी तो लॉग चाळत होते. पहाटे कुठेतरी जाळं अडखळलं होतं आणि मंगळवारच्याच पाइपलाइनला पुन्हा तोच अनुभव आला होता. ओळी अशा होत्या: विक्री, मंगळवार, सुरू करायला सांगितलं. ६० सेकंद उत्तर नाही. ७ सेकंद थांबलो. विचारलं, विक्री-मंगळवार या नावाचा रन आहे का? आहे. चालू आहे. पुन्हा सुरू केला नाही. २२ मिनिटांनी विचारलं, संपला. नोंदी मोजल्या, नेहमीच्या मर्यादेत.

थोड्या वेळाने नियोजनातून नेहमीचा मेल आला, पुढच्या आठवड्याच्या मालाचा. त्यात मंगळवारच्या आकड्याबद्दल काहीच विचारलेलं नव्हतं.